नवीन बाथरूमचं ग्राउट बिघडलंय? आधी पाण्याचा हिशोब लावा

टाइल्स बसवून झाल्या, मिस्त्री हिशोब करून गेला, बाथरूम वापरायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत लक्षात येतं की टाइल्सच्या मधल्या रेघा काही ठीक दिसत नाहीयेत. कुठे पांढरट, कुठे डागाळलेल्या, कुठे नख लावलं की भुगा निघतोय, आणि भिंत जिथे जमिनीला मिळते तिथे केसाएवढी चीर. मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणतो "होतं हो तसं, पूर्ण सुकलं की एकसारखं दिसेल", आणि बघायला आलेला एखादा नातेवाईक सांगतो की सगळं उखडून परत करावं लागणार. बहुतेक वेळा दोघंही न तपासता बोलत असतात. ग्राउटची तक्रार कोणतीही असो, शोधायचं असतं ते पाणी: कालवताना किती घातलं, पुसताना किती वापरलं, टाइलखाली किती अडकलं आणि आता रोज कुठून येतंय. हा हिशोब लागला की तोडफोड करायची की नुसता ब्रश मारायचा ते आपोआप कळतं.

ग्राउट म्हणजे नक्की काय असतं

दोन टाइल्सच्या मधली फट, म्हणजे जॉइंट, ज्याने भरतात तो मसाला म्हणजे ग्राउट. टाइल ज्याने खाली चिकटवतात ते वेगळं, ते अॅढेसिव्ह, ह्या दोघांत गल्लत करू नका. ग्राउटचे मुख्य प्रकार दोन. एक सिमेंटचं, ज्यात सिमेंट, बारीक वाळू किंवा दगडाची भुकटी, रंग आणि बहुतेकदा थोडं पॉलिमर असतं. दुसरं एपॉक्सी, ज्यात सिमेंट नसतं, राळ आणि हार्डनर असे दोन भाग एकत्र केले की ते कडक होतं. पिशवीवर सीजी-१, सीजी-२ किंवा आरजी असं काही छापलेलं दिसलं तर सीजी म्हणजे सिमेंटचं (२ वालं सुधारित) आणि आरजी म्हणजे एपॉक्सीसारखं राळेचं.

सिमेंटच्या ग्राउटमध्ये पण वाळूवालं आणि बिनवाळूचं असं असतं. जॉइंट साधारण ३ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर वाळूवालं, त्यापेक्षा अरुंद असेल तर बिनवाळूचं. रुंद फटीत बिनवाळूचं भरलं तर ते सुकताना आकसतं आणि चिरतं, आणि अरुंद फटीत वाळूवालं दाबलं तर कण वरच अडकतात, आतली जागा रिकामीच राहते आणि वरून मात्र सगळं भरल्यासारखं दिसतं. नवीन कामातला हा एक नेहमीचा घोळ आहे.

सिमेंट सुकून घट्ट होत नाही

इथे बऱ्याच लोकांची समजूत उलटी असते. आपल्याला वाटतं ओलं ग्राउट सुकलं की कडक झालं. तसं नाही, सिमेंट पाण्याशी रिअॅक्शन करून कडक होतं, म्हणजे पाणी हा त्याचा कच्चा माल आहे. नुसत्या सिमेंटचं बोलायचं तर त्याच्या वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास पाणी पूर्ण रिअॅक्शनला पुरतं. रिअॅक्शन पहिल्या काही दिवसांत जोरात होते आणि नंतर हळूहळू चालू राहते, म्हणून सिमेंटची ताकद २८ दिवसांनी मोजायची पद्धत आहे.

आता ह्यात दोन्ही बाजूंनी गडबड होऊ शकते. पाणी जास्त झालं तर जे रिअॅक्शनमध्ये लागलं नाही ते उडून जातं, पण बसमधून माणसं उतरली तरी सीट्स तिथेच रिकाम्या राहतात तसं ते पाणी आपली जागा मागे रिकामी ठेवून जातं. असं बारीक छिद्रांनी भरलेलं ग्राउट ठिसूळ होतं, जास्त आकसतं आणि नंतर बाहेरचं पाणीही जास्त पितं. उलट बाजूने, पाणी बरोबर घातलं पण उन्हाने, वाऱ्याने, पंख्याने किंवा कोरड्या सच्छिद्र टाइलच्या कडांनी ते आधीच खेचून घेतलं तर रिअॅक्शन अर्धवट राहते आणि वरचा थर भुसभुशीत होतो. दोन्हीकडे दिसणारं लक्षण एकच, भुगा.

आणि साइटवर पाणी मोजतं कोण? पिशवीवर लिहिलेलं असतं एवढ्या पावडरला एवढं पाणी, पण भरायला सोपं जावं म्हणून पातळ करायची सवय असते. त्याहून वाईट म्हणजे घमेल्यातलं ग्राउट घट्ट व्हायला लागलं की वरून पाण्याचा हबका मारून परत कालवणे. तोपर्यंत सिमेंटची जुळणी सुरू झालेली असते, ती मोडते आणि परत नीट जुळत नाही. घट्ट झालं की टाकून द्यायचं असतं, पण जीव होत नाही ना.

नखाने खरवडलं की भुगा निघतोय

किल्लीच्या किंवा नाण्याच्या कडेने जॉइंटवर एक रेघ ओढून बघा, एका जागी नाही, चार-पाच ठिकाणी. चांगलं मुरलेलं सिमेंटचं ग्राउट फार तर हलका ओरखडा दाखवतं. भुगा निघत असेल तर तो किती खोलवर निघतोय हे महत्त्वाचं. वरचा पातळ थर गेला की खाली कडक लागतंय, तर बहुतेक वरचं पाणी लवकर उडालं किंवा ग्राउट ओलं असतानाच निथळत्या स्पंजने धुवून काढलं. हे पहिल्या काही दिवसांतच लक्षात आलं तर दिवसातून दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याचा हलका फवारा मारून ओलसर ठेवलं की कधीकधी सुधारतं, कारण रिअॅक्शन न झालेलं सिमेंट अजून शिल्लक असतं. महिना उलटून गेल्यावर हा उपाय करत बसू नका, उपयोग होत नाही.

खोलवर भुगाच असेल तर मिश्रणच बिघडलेलं होतं, पाणी जास्त किंवा पिशवी जुनी. सिमेंटच्या ग्राउटची न फोडलेली पिशवी कोरड्या जागी ठेवली तर साधारण वर्षभर टिकते, ओल लागली तर त्याआधीच आत गाठी होतात. असं ग्राउट काढून परत भरणं एवढाच मार्ग आहे.

ग्राउटवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसत असतील तर ती हवेची. मिक्सर जोरात फिरवला की हवा मिसळते. म्हणून मंद वेगाने कालवून ५ ते १० मिनिटं तसंच ठेवायचं आणि पाणी न घालता परत एकदा ढवळायचं असतं. तुरळक भोकं असतील तर फार डोक्याला लावून घेऊ नका.

रंग कुठे गडद, कुठे फिका

सगळ्यात जास्त तक्रारी ह्याच्या असतात आणि सगळ्यात जास्त थापाही ह्याच्यावरच मारल्या जातात. "सुकलं की एकसारखं होईल" हे कधी खरं असतं आणि कधी साफ खोटं, आणि ते तपासता येतं. दोन-तीन दिवस ते बाथरूम वापरू नका, दार-खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा. गडद भाग हळूहळू फिका होऊन बाकीच्यासारखा झाला तर ती ओल होती. काही फरकच पडला नाही तर ओलीचा प्रश्न नाही, ग्राउटमध्येच फरक आहे आणि तो वाट बघून जाणार नाही.

ओल असेल तर पुढचा प्रश्न, ओल कसली. काम नवीन असेल तर ती अॅढेसिव्हची असू शकते. व्हिट्रिफाइड किंवा पोर्सलीन टाइल स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही, खाली जमिनीवर वॉटरप्रूफिंगचा थर, त्यामुळे मधल्या अॅढेसिव्हमधलं पाणी बाहेर पडायला फक्त जॉइंटची फट असते. साध्या अॅढेसिव्हला निदान २४ तास द्यायचे असतात आणि मोठ्या टाइल्सना त्याहून जास्त, पण घाई असते म्हणून संध्याकाळी टाइल आणि सकाळी ग्राउट असं होतं आणि मग ते पाणी ग्राउटमधून वाट काढत राहतं. काही आठवड्यांनंतरही एक ठराविक भाग कायम गडद राहत असेल, विशेषतः ड्रेनच्या जाळीभोवती किंवा शॉवरखाली, तर मात्र तिथे रोज पाणी साठतंय. उतार नीट नाही, नाहीतर टाइलखाली पोकळी आहे आणि तिच्यात पाणी बसलंय.

ओल नसताना रंग वेगळा असेल तर कारणं मिश्रणात किंवा पुसण्यात असतात. प्रत्येक घमेल्यात पाणी वेगळं पडलं की प्रत्येक घमेल्याचा रंग वेगळा. अर्धी पिशवी वापरली आणि तळाशी रंगाची पावडर जास्त उतरली तरी तेच. चिखलासारख्या झालेल्या एकाच बादलीतल्या पाण्याने सगळं बाथरूम पुसलं तर रंग धुतला जातो आणि डाग पडतात. काही जण लवकर आवरावं म्हणून ओल्या जॉइंटवर कोरडी पावडर भुरभुरवतात, त्याने तर ठिपकेच ठिपके.

एक गंमत मात्र बघून ठेवा. ठराविक अंतरावर, बरोबर चार टाइल्स जिथे मिळतात तिथेच छोट्या अधिकच्या चिन्हासारखा वेगळा रंग दिसतोय? म्हणजे आत प्लॅस्टिकचे स्पेसर (टाइल्समध्ये सारखी फट राहावी म्हणून बसवताना लावतात ते छोटे तुकडे) तसेच राहिलेत आणि त्यांच्यावर ग्राउटचा पातळ पापुद्रा आहे. असंच अॅढेसिव्ह फटीतून वर आलेलं असेल आणि ते न खरवडता वरून ग्राउट फासलं असेल तर तेवढ्या भागात रंग वेगळा दिसतो आणि काही दिवसांनी खपलीसारखं सुटून येतं. जॉइंटची निदान दोन तृतीयांश खोली ग्राउटसाठी मोकळी हवी.

ग्राउट कडक आहे, भेगा नाहीत, फक्त रंगाचीच पंचाईत आहे, तर उखडू नका. ग्राउटवर ब्रशने लावायचे रंगीत कोटिंग मिळतात, ते नीट साफ आणि कोरड्या जॉइंटवर लावले तर रंग एकसारखा होतो.

पांढरं दिसतंय ते नक्की कुठे आहे

टाइलच्या चेहऱ्यावर धुरकट पांढरा थर असेल तर तो पुसताना राहिलेल्या ग्राउटचा पातळ लेप आहे. दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी. लवकर लक्ष दिलं तर ओलसर कापडाने किंवा नायलॉनच्या ब्रशने निघतो.

जॉइंटच्या रेघेवरच मिठासारखी पांढरी पावडर येत असेल तर गोष्ट वेगळी, तो क्षार आहे, ज्याला आपण लोणा म्हणतो. सिमेंट आणि पाण्याच्या रिअॅक्शनमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, ते पाण्यात थोडं विरघळतं, पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतं, तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला भेटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट म्हणून ते तिथेच बसतं. म्हणजे लोणा दिसतोय ह्याचा अर्थ आतून बाहेर पाणी चाललंय. कोरड्या ब्रशने झाडा, मग ओलसर कापडाने पुसा आणि वाट बघा. एकदा-दोनदा येऊन थांबला तर बांधकामातलं उरलेलं पाणी होतं, विषय संपला. परत परत एकाच जागी येत असेल तर पाण्याचा झरा चालू आहे, आणि तो बंद केल्याशिवाय कितीही घासा, परत येणारच.

इथे बरेच जण ॲसिडची बाटली घेऊन येतात. ॲसिडने पांढरं निघतं हे खरं, कारण ते कॅल्शियम कार्बोनेट खातं, पण ग्राउटमधलं सिमेंटही तितक्याच आवडीने खातं, आणि संगमरवर असेल तर त्याची चकाकी गेलीच. नवीन ग्राउटवर तर अजिबात नको. आणि हे मात्र ठळक लक्षात ठेवा: ॲसिडवालं क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र किंवा एकापाठोपाठ एक वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

भेग कुठे आहे ते आधी बघा, किती मोठी आहे ते नंतर

भिंत आणि जमीन मिळते तिथे, दोन भिंतींच्या कोपऱ्यात, टब किंवा बेसिनच्या कडेला भेग असेल तर मिस्त्रीने तिथे ग्राउट भरलं हीच चूक. दोन वेगळ्या पृष्ठभागांची हालचाल वेगवेगळी असते, तापमानाने, ओलीने, वजनाने. ती अगदी किंचित असते, पण ग्राउटला ताणायची सवयच नाही, ते तुटतं. अशा जागी सिलिकॉन भरायचं असतं. कोपऱ्यातलं ग्राउट पूर्ण खरवडून काढायचं, जागा कोरडी करायची आणि बाथरूमसाठीचं बुरशीविरोधी सिलिकॉन भरायचं. आधीच्या ग्राउटवरूनच सिलिकॉनची रेघ ओढली तर ती थोड्या दिवसांत सुटते. बाजूला संगमरवर असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा, न्यूट्रल प्रकारचं घ्या.

सपाट भागात, सगळीकडे विखुरलेल्या, केसासारख्या आणि वरवरच्या भेगा असतील तर परत तेच जादा पाणी, नाहीतर रुंद फटीत बिनवाळूचं ग्राउट.

काळजी करायची ती वेगळ्या भेगेची. एका टाइलच्या चारी बाजूंनी ग्राउट सुटलंय, किंवा एक भेग सरळ रेषेत अनेक टाइल्स ओलांडून चाललीय. अशा ठिकाणी टाइलवर बोटाच्या पेराने किंवा लाकडी दांड्याने टकटक करा. भरीव टाइल आणि पोकळ टाइल ह्यांच्या आवाजातला फरक कुणालाही कळतो. ओल्या जागी टाइलच्या मागे ९५ टक्के भागाला अॅढेसिव्ह लागलेलं असावं अशी अपेक्षा असते, आणि प्रत्यक्षात पाच ठिपके देऊन टाइल दाबून मोकळे. अशी टाइल पाय पडला की हलते आणि ग्राउट फुटतं, मग तुम्ही दहा वेळा भरा. सरळ लांब भेग असेल तर खालचा स्लॅब किंवा कोबा चिरला असण्याची शक्यता आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहून ठेवा, एक-दोन महिन्यांत खुणेच्या पुढे गेली तर इंजिनियरला दाखवा.

"ग्राउट फुटलंय म्हणूनच खाली गळतंय ना?"

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. सिमेंटचं ग्राउट चांगलं असलं तरी त्यातून थोडं पाणी जातंच, ते वॉटरप्रूफ नसतं. पाणी अडवायचं काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं असतं. खालच्या मजल्यावर ओल आली तर एक तर तो थर फाटलाय किंवा केलेलाच नाही, नाहीतर पाइप किंवा ड्रेनचा सांधा गळतोय. ग्राउट परत भरून गळती काही दिवस कमी झाल्यासारखी वाटते आणि त्यातच सगळे फसतात.

थोडं वेगळं काढता येतं. बाथरूम अजिबात न वापरता, नळ बंद असताना ओल वाढत असेल तर दाबाखालचा, म्हणजे नळाला पाणी आणणारा पाइप. जमीन ओली न करता बादलीभर पाणी थेट ड्रेनमध्ये ओतलं आणि ओल आली तर ड्रेन. फक्त जमिनीवर पाणी पसरल्यावरच येत असेल तर वॉटरप्रूफिंग. प्रत्येक चाचणीच्या मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या, नाहीतर काय कशाने झालं कळणार नाही. काम अजून व्हायचं असेल तर टाइल लावायच्या आधीच ड्रेन बंद करून २४ तास पाणी साठवून बघा.

"मग सरळ एपॉक्सीच भरायचं ना!"

एपॉक्सी पाणी जवळजवळ पीत नाही, डाग धरत नाही, त्यात लोणा यायला सिमेंटच नाही, त्यामुळे शॉवरच्या जागेत ते चांगलं हे मान्य. पण हालचालीने फुटणाऱ्या कोपऱ्याला ते उपाय नाही, पोकळ टाइलला नाही आणि फाटलेल्या वॉटरप्रूफिंगलाही नाही. शिवाय लावणारा सराईत हवा. राळ आणि हार्डनरचं प्रमाण चुकलं की ते चिकटच राहतं, हाताशी वेळ कमी असतो, आणि टाइलवर राहिलेला त्याचा लेप एकदा कडक झाला की ओल्या कापडाला दाद देत नाही, खास क्लीनर लागतो. फिकट रंगाचं एपॉक्सी उन्हाने पिवळं पडू शकतं. सिमेंटचं ग्राउट नीट भरता न येणाऱ्या माणसाच्या हातात एपॉक्सी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

"आणि सीलर?"

सीलर ग्राउटच्या छिद्रांत शिरून पाणी आणि डाग आत जायला वेळ लावतो, पाणी पूर्ण अडवत नाही. गरज आहे का बघायला जॉइंटवर पाण्याचा थेंब टाका, मिनिटा-दोन मिनिटांत तो मुरून ग्राउट गडद झालं तर सीलर लावा. आत ओल असताना मारू नका. एपॉक्सीला सीलर लागत नाही.

कोपऱ्यात काळं होणं ही बुरशी, आणि गुलाबी चिकट थर हा बहुतेकदा साबणाच्या अंशावर वाढणारा सेराशिया नावाचा बॅक्टेरिया. दोन्हीत ग्राउटचा दोष कमी आणि हवा न खेळण्याचा जास्त. अंघोळीनंतर पंखा चालू ठेवा आणि वायपर मारा.

वरून एक नवीन थर मारला तर?

मिस्त्रीचा आवडता उपाय, आणि हमखास सुटून येणारा. पातळ थराला पकडायला जागाच नसते. जुनं ग्राउट निदान अर्ध्यापेक्षा जास्त, जमलं तर दोन तृतीयांश खोलीपर्यंत खरवडून काढावं लागतं, टाइलच्या कडा न उडवता आणि विशेषतः खालच्या वॉटरप्रूफिंगला ब्लेड न लावता. मग धूळ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने पूर्ण काढायची, कडा हलक्या ओलसर करायच्या पण फटीत पाणी उभं राहता कामा नये, आणि मोजून कालवलेलं ग्राउट तिरकं दाबून भरायचं. साधारण १५ ते ३० मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने, जॉइंटला तिरकं, बादलीतलं पाणी सारखं बदलत पुसायचं. हातमोजे घाला, ओलं सिमेंट कातडीला भाजतं. पाणी लागू द्यायला सहसा २ ते ३ दिवस थांबावं लागतं, पिशवीवर जास्त लिहिलं असेल तर तेवढं.

आणि थोडाच भाग दुरुस्त करत असाल तर रंगाचं नाव सारखं असलं तरी वेगळ्या बॅचचा रंग जुळेलच असं नाही. म्हणून पिशवीवरचा बॅच नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा, उरलेली पावडर हवाबंद डब्यात घाला, आणि आधी दाराच्या मागे किंवा कमोडच्या पाठीमागे हातभर जॉइंट भरून तो पूर्ण सुकल्यावर रंग बघा, ओला असताना बघून काही ठरवू नका.